आरशाच्या खिशाखाली

आई गेल्यावर मुलीने घरातली एकच वस्तू मागितली, आणि तीही फोनवर. कपडे नकोत, कानातलं नको, भांडीकुंडी तर नकोतच. "आईची पेटी तेवढी कोणाला देऊ नका, बाबा. मी रविवारी येऊन घेऊन जाईन." बॅगवाल्यांनी "बरं" म्हटलं. मग कोणीतरी आधी फोन ठेवला. कोणी ठेवला यावरून भांडण व्हावं इतकंही बोलणं त्या बापलेकीत उरलेलं नव्हतं.

बॅगवाले हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. चाळीस वर्षं त्यांनी चामड्याच्या बॅगा, पाकिटं आणि पट्टे शिवले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, पण हात काही बंद होईनात, म्हणून घराच्या मागच्या खोलीत खिडकीला टेबल लावून बसायला लागले. आता शिवणकाम कमी आणि साफसफाई जास्त. कोणाच्या पर्समध्ये लिपस्टिक वितळलेली, कोणाच्या जाकिटाच्या कॉलरला फाउंडेशन लागलेलं, कोणाची पाहुणी मेकअप न उतरवताच चामड्याच्या सोफ्यावर गाल टेकून झोपलेली. बायका वस्तू फडक्यात गुंडाळून आणत आणि गुन्हा कबूल करावा तशा हळू आवाजात सांगत, "काका, मी घरीच ओल्या कपड्याने पुसून बघितलं."

"चोळलंत ना?" बॅगवाले चष्म्यावरून बघत. "चोळायचं नाही, बाई. चोळलेला डाग जात नाही, आत जाऊन बसतो."

मग ते उभ्या उभ्या शिकवणी घेत. आधी मऊ कोरड्या ब्रशने पावडर झाडायची. तेलकट डागावर मक्याचं पीठ भुरभुरायचं आणि ते तेल पिईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि त्यातलंही पाणी नाही, नुसता फेस कापसाच्या बोळ्यावर घ्यायचा, कडेकडून मध्याकडे टिपत यायचं आणि सावलीत वाळवायचं. पण या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, जे काही लावणार ते लपलेल्या जागी लावून बघायचं. पट्ट्याच्या खाली, शिवणीच्या आत, खिशाच्या आड, जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी. तिथे कातड्याचा रंग उतरला नाही, तरच पुढे जायचं. हा नियम बॅगवाल्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. एकदा मोडला असता तर किती बरं झालं असतं, पण हे आता बोलून काय उपयोग?

त्यांच्या बायकोचा धंदा बरोबर उलटा. ती एका नाटक कंपनीत मेकअप करायची. कंपनीतली लहानथोर सगळी माणसं तिला रंगताई म्हणत. ती रंग लावायची आणि हे काढायचे. "एक डबा संपला की आमच्या घरात दोघांना काम मिळतं," असं ती कोणालाही सांगायची आणि स्वतःच आधी हसायची.

तिची पेटी बॅगवाल्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने शिवली होती. बाहेरून गडद तपकिरी, पितळी बक्कल, कोपऱ्यांना दुहेरी टाके. झाकणाच्या आत मात्र त्यांनी मुद्दाम बिनरंगाचं, नुसतं कमावलेलं कातडं लावलं होतं, सायीसारखं फिकट, कारण हातात आलेला तो तुकडा इतका सुरेख होता की त्याच्यावर रंग चढवायला जीव होईना. झाकणाला आतून आरशासाठी एक छोटा खिसा, त्याला एक टिचबटण.

त्या सुरेख कातड्याचं रंगताईने पहिल्याच महिन्यात मातेरं केलं. एखाद्या नटासाठी नवा रंग कालवला की ती त्याचा ठिपका झाकणाच्या आत लावून बघायची. काचेवर बघितलेला रंग खोटा असतो, कागद तो पिऊन टाकतो, पण कातड्यावर तो माणसावर दिसतो तसाच दिसतो, असं तिचं म्हणणं. राजे, दारुडे, म्हाताऱ्या, भुतं, सगळ्यांचे ठिपके त्या झाकणावर दाटीवाटीने बसले होते. ती बोट ठेवून सांगायची, हा तो दुसऱ्या अंकात मरणारा डॉक्टर, ही ती आंधळी सासू.

"अगं, काय घाण केलीस माझ्या कामाची!" बॅगवाले दर दोन-चार महिन्यांनी म्हणत. "दे एकदा इकडे. आठवड्यात नवी करून देतो."

"हात लावायचा नाही हं," ती पेटी मांडीवर ओढून घ्यायची. "मी मेले की करा काय करायचं ते."

हे असं पस्तीसेक वर्षं चाललं. मग एका सकाळी ती खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. चहा अर्धा प्यायलेला, पायात एकच मोजा. बॅगवाल्यांना तिचं ते बोलणं पुढे फार दिवसांनी आठवलं, आणि आठवलं तेव्हा त्यात थट्टा आहे हे ते विसरून गेले.

आता मुलीचं सांगितलं पाहिजे. तिला घरात चिंगी म्हणत. ती नऊ वर्षांची असताना तिच्या गालावर, डोळ्याच्या खाली, एक पांढरा ठिपका उमटला. मग हनुवटीवर एक, मग ओठाच्या कडेला. डॉक्टरांनी कोड आहे म्हणून सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही, दुसऱ्याला लागत नाही, फक्त पसरतं. त्या दिवसांत बॅगवाल्यांचा धंद्यातला एक जोडीदार घरी आला होता, कातड्याचे गठ्ठे घेऊन. त्याने विचारलं, "पोरगी बरी आहे ना? चेहऱ्याला काय झालंय म्हणे?" बॅगवाल्यांना सकाळपासून रडू येत होतं. रडायचं नव्हतं, म्हणून ते हसले. "काय सांगू तुला," ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट काढली, आता घरातच सेकंडचा माल निघाला."

पाठीमागे चिंगी पाण्याचे दोन पेले घेऊन उभी होती. तिने पेले टेबलावर ठेवले. थेंबही सांडला नाही.

वाक्य गेलं ते गेलं. बॅगवाल्यांना त्याच रात्री तिच्या उशाशी जाऊन माफी मागता आली असती, दुसऱ्या दिवशी मागता आली असती, पुढच्या पंचवीस वर्षांत कधीही मागता आली असती. पण शरमेचं एक विचित्र असतं. ज्याची माफी मागायची त्याच्याकडे बघावं लागतं. बॅगवाल्यांना मुलीच्या तोंडाकडे बघवेना. ती समोर आली की त्यांची नजर खाली जायची, थेट तिच्या पावलांवर. तिथे मात्र त्यांनी कसूर ठेवली नाही. दर वर्षी पायाचं माप घेऊन तिच्यासाठी बूट शिवले, आणि ते असे की वर्गातल्या पोरी हेव्याने बघत राहायच्या. ती "बाबांना विचार," असं आईला सांगायची, हे "तिला सांग," असं आईलाच सांगायचे. आई मध्ये होती तोवर घर चाललं. आता ती गेली, आणि दोघांच्या मध्ये एक पेटी तेवढी राहिली.

म्हणून बॅगवाल्यांनी ठरवलं की पेटी तशी द्यायची नाही. जे तोंडाने जमलं नाही ते हाताने करायचं. पहिल्या दिवशी शिवली होती तशी ती पेटी चिंगीच्या हातात ठेवायची, म्हणजे तिला कळेल. काय कळेल, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलं नाही. पण या एका आशेवर त्यांचा जीव टांगलेला होता, की रविवारी ती पेटी उघडेल, आणि मग थोडा वेळ थांबेल.

बुधवारी सकाळी त्यांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. डबे-बाटल्या, ब्रश, स्पंज एकेक करून बाहेर काढले, आरसा खिशातून काढून पुसून ठेवला. बाहेरची बाजू सोपी होती. झाकणाच्या आतलं मात्र अवघड प्रकरण होतं. बिनरंगाचं कातडं सगळं पिऊन घेतं, आणि इथे तर पस्तीस वर्षांचं तेल, पावडर, काजळ आणि मेण मुरलेलं. नुसत्या फेसाने भागणार नाही हे त्यांना पाहताच कळलं. थोडं स्पिरिट मिसळावं लागणार, आणि स्पिरिट म्हणजे जोखीम. जरा जास्त झालं की कातडं कोरडं पडून पांढरं होतं.

लपलेली जागा शोधायची. त्यांनी आरशाच्या खिशाचं टिचबटण उघडलं आणि खिसा वर उचलला.

खाली एक ठिपका होता. बाकीच्या गर्दीपासून वेगळा, एकटाच, बोटाच्या टोकाएवढा गोल. थरावर थर दिलेला, त्यामुळे किंचित उंच. बॅगवाल्यांना आनंद झाला. हवी तशी जागा, आणि तिथे तपासायला डागही आयता. इथे निघाला तर कुठेही निघेल. त्यांनी बोळा भिजवला, पिळला आणि टिपायला सुरुवात केली. ठिपका भलताच हट्टी निघाला. बाकी कुठल्याही डागाला त्यांना एवढा वेळ लागला नाही. अकरा बोळे गेले तेव्हा कुठे त्याची शेवटची कड सुटली, आणि खालून ते सायीसारखं कातडं जसंच्या तसं वर आलं. "वा!" ते एकटेच मोठ्याने म्हणाले. रंगताई गेल्यापासून तीन महिन्यांत त्या खोलीत कोणी काही मोठ्याने बोललं नव्हतं.

मग चार दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. एका बाजूने डॉक्टर गेला, सासू गेली, राजे गेले. टिपून झालं की मक्याचं पीठ, पिठानंतर पुन्हा फेस, फेसानंतर सावली, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. वापरलेले बोळे ते वर्तमानपत्रावर एका बाजूला टाकत गेले. कचरा वेळच्या वेळी बाहेर काढायची सवय रंगताईची, यांची नव्हे. शनिवारी त्यांनी सगळ्या बोळ्यांची त्याच कागदात पुडी बांधली आणि टेबलाखाली सरकवली, सोमवारी टाकू म्हणून. पेटी खिडकीत धरून वळवून वळवून पाहिली. कुठे म्हणून डाग नव्हता.

रविवारी अकराच्या सुमाराला चिंगी आली. चौतीस वर्षांची बाई, दोन तासांवरच्या गावी शाळेत भूगोल शिकवणारी, पण बॅगवाल्यांना दारात दिसले ते तिचे बूट. डावी टाच बाहेरून झिजलेली.

"ये," ते टाचेला म्हणाले. "प्रवास ठीक झाला?"

"ठीक."

तिने आईच्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. बॅगवाल्यांनी चहा केला. साखर किती, हे त्यांना विचारावं लागलं.

"पेटी कुठेय?"

ती टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. बॅगवाल्यांनी फडकं दूर केलं, जरा झोकात, जादूगार करतो तसं, आणि लगेच स्वतःच लाजले.

"अरे वा," चिंगी म्हणाली. "केवढी चमकतेय."

"उघड ना. आतून बघ."

तिने बक्कल सोडून झाकण उघडलं. बॅगवाले तिच्या हातांकडे बघत होते. हात झाकणाच्या कडेवर थांबले. मग एक हात सावकाश त्या फिकट कातड्यावरून फिरला, इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. मग तिने घाईने आरशाच्या खिशाचं टिचबटण उघडलं, खिसा वर केला, आणि पेटी उचलून खिडकीशी नेली.

"बाबा, इथे एक ठिपका होता."

"होता की!" बॅगवाल्यांना कोणीतरी नेमकं हवं तेच विचारल्यासारखं झालं. "सगळ्यांत आधी तोच काढला. त्याचं काय असतं, नवं काही लावायचं तर पहिल्यांदा लपलेल्या जागी करून बघावं लागतं. स्पिरिट होतं ना. बाहेर लावलं आणि कातडं बिघडलं तर? म्हणून खिशाखाली बघितलं, तर तिथे आयताच सापडला. फार चिवट होता गं. अकरा बोळे लागले. पण आता बघ, शोधून सापडतोय का कुठे होता ते?"

"नाही सापडत," चिंगी म्हणाली.

ती खाली बसली. खुर्चीत नाही, खिडकीखाली जमिनीवरच, पेटी मांडीवर घेऊन. आई घ्यायची तशीच.

"ती मी होते," ती म्हणाली.

बॅगवाल्यांना कळलं नाही. तिने शाळेत समजावतात तशा शांत आवाजात सांगितलं, आणि त्या शांतपणाचीच त्यांना भीती वाटली. पहिला ठिपका गालावर उमटला तेव्हा आईने तिच्या चांगल्या गालाशी जुळवून एक रंग कालवला होता. त्याचा ठिपका इतर नटांच्या गर्दीत नको, म्हणून खिशाखाली, वेगळा. आई म्हणाली होती, हा तुझा रंग. हरवला तर इथे आहे. सकाळी शाळेत जाताना आई तो लावून द्यायची. बाविसाव्या वर्षी चिंगीने लावणं सोडून दिलं. कंटाळा आला आणि धीरही आला. पण आईने ठिपका ठेवायचं सोडलं नाही. लावलेला रंग काळाने बदलतो, म्हणून दर वर्षी ती अंगावर कुठे मूळ रंग उरलाय ते शोधायची, त्याच्याशी ताडून बघायची आणि जुन्या ठिपक्यावर नवा थर द्यायची. आधी गळ्याशी जुळवायची. गळा गेल्यावर दंडाशी.

"आता मी लावत नाही, बाबा. लावायला नकोच होता मला तो. नुसता असायला हवा होता."

तरी त्यांच्यातला कारागीर अजून हार मानायला तयार नव्हता. कातड्याचा सगळा रंग उतरला तरी शिवणीच्या आत, घडीखाली, तो कुठेतरी राहतोच. हे त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं.

"कुठेतरी उरला असेल ना?" ते म्हणाले. "अंगावर. लपलेल्या जागी. मी जुळवून देतो, चिंगे. रंग जुळवणं माझं काम आहे. तुझी आईसुद्धा म्हणायची, डोळा तुमचाच."

"मागच्या वर्षापर्यंत होता. कानाच्या मागे, केसांच्या खाली. एवढासा. मला दिसायचा नाही, आईच बघून सांगायची." तिने पेटीवरून हात फिरवला. "शेवटचा थर तिने त्याच्याशी जुळवून लावला. मग तोही गेला. आता कुठेच नाही. मी सगळीकडे बघितलंय."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बॅगवाले खाली बसले आणि टेबलाखालची पुडी बाहेर ओढली. गाठ सुटेना, तेव्हा कागदच फाडला. बोळे जमिनीवर सांडले, शंभराच्या वर असतील. गुलाबी, विटकरी, काळपट, पिवळे, तपकिरी. काही वाळून खडबडीत झालेले, काही पिठाने माखलेले.

"यात आहे," ते म्हणाले. "यातच आहे. कचरा टाकला नाही मी. यातले अकरा त्याचे आहेत."

"कुठले?"

बॅगवाल्यांनी चष्मा पुसला. एक बोळा उचलला, उजेडात धरला, ठेवला. दुसरा उचलला. ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वी विकलेल्या बॅगेचा तपकिरी कुठला हे डोळे मिटून सांगता येत होतं, तो माणूस कापसाचे बोळे एकेक करून बघत राहिला. मधासारखे तीन होते. मातकट चार-पाच. एक होता गव्हासारखा, आणि त्याच्यासारखाच आणखी एक, जरा लालसर. यातला कुठला तरी त्यांच्या मुलीचा गाल होता.

त्यांनी आठवून बघितलं. नऊ वर्षांची चिंगी, पेले घेऊन उभी. पेले आठवले, तिची बोटं आठवली. त्याच्या आधीची चिंगी, आठ वर्षांची, सहा वर्षांची, खांद्यावर बसलेली, टेबलाखाली कातड्याच्या तुकड्यांशी खेळणारी. तेव्हा तर ते तिच्याकडे बघत होते. दिवसभर बघत होते. पण आपल्या लेकराचा रंग कोण पाठ करून ठेवतो?

चहा थंड झाला. चिंगी वाट बघत बसली होती, आणि घाई करत नव्हती.

"मी कशी होते, बाबा?" तिने विचारलं.

"तू..." बॅगवाले म्हणाले. "नवव्या वर्षी तुझं पाऊल सव्वाआठ इंच होतं. डावं जरासं मोठं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे. दहाव्या वर्षी एकदम अर्धा इंच वाढलीस, नवे बूट दोन महिन्यांत तोकडे झाले. तू डाव्या टाचेवर जोर देऊन चालतेस. तेव्हापासून. अजून तशीच चालतेस."

"आणि तोंडावर?"

एक बोळा उचलून "हा" म्हणणं सोपं होतं. तो गव्हाळ उचलून दिला असता तर तिला कसं कळणार होतं? तिने तो रुमालात बांधून नेला असता आणि जन्मभर जपला असता. बॅगवाल्यांच्या हातात तो आलासुद्धा. पण खोटं बोलायचं तर तिच्याकडे बघून बोलावं लागलं असतं, आणि आजवर तिला दिलेल्या दुःखात आणखी भर घालायची त्यांच्यात ताकद नव्हती.

"मला नाही माहीत," ते म्हणाले. बोळा हातातून खाली पडला. "चिंगे, मला नाही सांगता येत. ठिपका काढतानासुद्धा मी नीट बघितला नाही. निघतोय की नाही, तेवढंच बघत होतो." आणि मग जे पंचवीस वर्षं आत जाऊन बसलं होतं ते वर आलं. "त्या दिवशी तो माणूस आला होता, तेव्हा मी जे बोललो..."

"ते मी केव्हाच सोडून दिलं," चिंगी म्हणाली. तिचा आवाज आता शांत नव्हता. "तुम्ही बोललात ते नव्हतं लागलं एवढं. आईने सांगितलं होतं, बाबांना रडता येत नाही म्हणून ते असं काहीतरी बोलतात. मी म्हटलं, ठीक आहे. पण त्यानंतर तुम्ही बघायचं सोडलंत, बाबा. मी रोज सकाळी आईपुढे बसून रंग लावून घ्यायचे ना, तो शाळेसाठी नव्हता. शाळेत सगळ्यांना माहीत होतं. तुमच्यासाठी होता. मला वाटायचं, आज तरी बघतील."

बॅगवाले जमिनीवर बसून रडले, मोठ्याने आणि वेडंवाकडं. ज्याने कधी सराव केला नाही तो माणूस रडतो तसं. चिंगीने त्यांना थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. ती गुडघ्यांवर बसून बोळे गोळा करायला लागली. सगळे. गुलाबीसुद्धा, काळेसुद्धा. ओंजळीओंजळीने तिने ते पेटीत भरले, त्या चार दिवस जीव ओतून लख्ख केलेल्या पेटीत, आणि पीठ, काजळ, तेल पुन्हा सगळीकडे लागलं.

"हे कशाला नेतेस?" बॅगवाल्यांनी नाक पुसत विचारलं.

"यात मी आहे ना कुठेतरी," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

तिने झाकण लावलं, बक्कल अडकवलं. दारापर्यंत गेली, आणि तिथे थांबून मागे वळली. बॅगवाल्यांची नजर सवयीने तिच्या बुटांवर गेली होती.

"बाबा."

"काय?"

"वर बघा. आता आहे ते तरी बघून ठेवा. पुन्हा कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

बॅगवाल्यांनी मान वर केली. दारातल्या उजेडात तिचा चेहरा होता, सगळा पांढरा, कपाळापासून गळ्यापर्यंत. आईचं नाक. डोळ्यांखाली दोन बारीक सुरकुत्या, त्या कधी पडल्या कोण जाणे. भुवया काळ्याभोर. ती हलली नाही, माप देताना पाऊल स्थिर धरायची तशी उभी राहिली. त्यांनी बघायला सुरुवात केली, आणि पुरतं बघून व्हायच्या आत डोळे भरून आले आणि ती पुसट झाली. त्यांनी बाहीने डोळे पुसले. पुन्हा भरले. पुन्हा पुसले. पुसत राहिले.